मदत हवी आहे: बँड सीलर देवगडला स्वस्तात कसा आणावा?

आंबापोळीच्या पाकिटांसाठी अलीबाबावरून एक बँड सीलर (पाकिटांची तोंडं उष्णतेने चिकटवणारं यंत्र) मागवायचा आहे. वजन 22 किलो, पण खोका 90×45×40 सेंटिमीटर. गुणाकाराला 5000 ने भागलं की आकारमानावरून धरलेलं वजन 32.4 किलो येतं आणि विमानाचं भाडं त्यावरच लागतं. वर कस्टम ड्युटी भाड्यासकट किमतीवर!

बोटीने न्हावा-शेवाला आणला तर माल जेमतेम 0.16 घनमीटर, मात्र एजंट किमान 1 घनमीटरचे पैसे धरतात. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गातले पाच-सहा जण एकत्र मागवतील का? आयात कोड कोणाकडे आहे? एफओबी दर (माल तिकडे बोटीवर चढवेपर्यंतचा) घ्यावा की घरपोच डीडीपी (भाडं आणि ड्युटीसकट)? बंदरावरचे डीओ (माल सोडवायचा आदेश) आणि सीएफएसचे (कंटेनरमधला माल उतरवून ठेवायचं गोदाम) खर्च नेमके किती येतात, तेही कृपया सांगा.

220 व्होल्ट, 50 हर्ट्झ ऑर्डरमध्ये लिहून घेणार. जादा टेफ्लॉन पट्टे त्याच खोक्यात.