जिवलग मैत्रीण "नक्की असंच झालं का?" म्हणाली, तर पुढे बोलावं का?

सांजवेळ:
लहानपणी घरातल्याच एका मोठ्या माणसाने मला बरीच वर्षं मारलं, तासन्‌तास कोंडून ठेवलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात जिवलग मैत्रिणीला सांगितलं. ती पहिल्यांदा काय म्हणाली? "अगं, ते तर किती मायाळू आहेत! तुला नक्की आठवतंय ना?" माझी जीभच टाळ्याला चिकटली. मी विषय बदलला.

माझं मत स्पष्ट आहे. मैत्रिणीपुढे साक्षीपुरावे मांडायची वेळ येऊ नये. ती काही निकाल द्यायला बसलेली नाही. तिने फक्त ऐकायचं होतं.

तळटीप:
पटलं नाही. विचारलं म्हणजे अविश्वासच दाखवला, असं नसतं. मी एकदा तिच्या जागी होतो. मित्राने सांगितलं ते आमच्या दोघांच्या जवळच्या माणसाबद्दल होतं, आणि धक्क्यात माझ्या तोंडून प्रश्नच निघाला. तो आजही माझ्याशी धड बोलत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

शिवाय आठवणी बदलतात. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा 1974 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. गाड्यांच्या टकरीची फीत दाखवून वेग विचारला. ज्यांच्या प्रश्नात जोरात आदळण्याचा शब्द होता त्यांनी वेग जास्त सांगितला, ज्यांच्या प्रश्नात नुसता धक्का लागल्याचा शब्द होता त्यांनी कमी. मग मित्राने कशाचाही विचार न करता मान डोलवायची का?

सांजवेळ:
फितीतल्या गाडीचा वेग माझाही चुकेल. कोणता वार होता, दाराचा रंग कोणता, तेही चुकेल. पण बाहेरून कडी लागल्याचा आवाज मी एकदा नाही, वर्षानुवर्षं ऐकलाय. तपशील पुसट झाला म्हणून घडलेलंच पुसायचं?

पाणकळा:
सांजवेळ, मला वाटतं तुमच्या मैत्रिणीला तुमच्या आठवणीबद्दल शंका नव्हतीच, ती घाबरली. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी 1966 मध्ये एक प्रयोग मांडला होता. एका स्त्रीला विजेचे झटके बसताहेत असं पाहणाऱ्यांना भासवलं. तिचे हाल असेच चालू राहणार असं ज्यांना वाटलं, त्यांनी तिलाच कमी लेखलं. जग न्यायाने चालतं हा समज माणसाला सोडवत नाही. तुमचं खरं मानलं, तर त्या माणसाबद्दलचं स्वतःचं मत तिला मोडावं लागतं. त्यापेक्षा तुमची आठवण खोडणं सोपं जातं. माफ करा असं मी म्हणत नाही, पण हे असं घडतं.

तळटीप:
हे मान्य. पण माझा प्रश्न तसाच राहिला. मनात शंका असताना "माझा विश्वास आहे" म्हणणं ही मैत्रीतली लबाडी नाही का?

तिरीप:
तळटीप, तसं म्हणायची गरजच नाही. "हे तू एकटीने सोसलंस?" एवढं म्हणता येतं, आणि त्यात खोटं काही नाही. संकटात सापडलेल्यांना मानसिक आधार कसा द्यावा, यावर जागतिक आरोग्य संघटनेची 2011 ची मार्गदर्शिका आहे. तीही हेच सांगते: ऐका, पण बोलायचा आग्रह धरू नका. शंका मनात येऊ दे. ती त्याच क्षणी ओठांवर कशाला हवी?

मोकळीवाट:
माझ्यापुरतं सांगते. दोनदा सांगून पाहिलं, दोनदा उलटतपासणी झाली. आता समुपदेशकाशीच बोलते. मैत्रिणींशी बाकी सगळं बोलते, हे सोडून. प्रत्येक नात्याकडून सगळं मागू नये.

सांजवेळ:
मोकळीवाट, मला ते जमणार नाही. ही एवढी एक गोष्ट वगळून तिच्याशी बोलायचं, तर मी अर्धीच उरते. काल तिला लिहिलं, "तू 'नक्की ना' म्हणालीस, ते मला लागलंय. भेटायचंय." उत्तर आलं, "मलाही त्या दिवसापासून झोप नाही. ये." रविवारी जाणार आहे. तळटीप, तिला शंका असेल तर तीही ऐकेन. पण आधी माझं सगळं बोलून होऊ दे.

तळटीप:
हे मला पटतं. मीही आज मित्राला फोन करतो.