आयरिश ‘री’ आणि आपला राजा: सख्खे की ओढूनताणून?

शब्दवेडा: आयरिश, वेल्श आणि गॉलची जुनी बोली या लेकींची आई म्हणजे मूळ केल्टिक. त्या भाषेत लिहिलेलं काहीच हाती नाही. तिचे शब्द लेकींच्या बोलीवरून मागे जात बांधलेत. त्यातला एक *रीक्स, म्हणजे राजा (तारा म्हणजे शब्द लिहिलेला सापडलेला नाही, बांधलेला आहे). आयरिशमध्ये त्याचा ‘री’ झाला. गॉलमध्ये, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समध्ये, तो नावांच्या शेपटाला दिसतो, जसा इ.स.पू. ५२ मध्ये सीझरशी लढलेला वेर्किंगेतोरिक्स. लॅटिन ‘रेक्स’ आणि सम्राज्, स्वराज् यांतला आपला ‘राज्’ ही त्याची भावंडं. जुनी आयरिश ‘रीगन’ आणि संस्कृत ‘राज्ञी’ शेजारी ठेवून बघा. आपली राणी तिथूनच आली. माझं मत: या सगळ्या भाषांची आदिभाषा बोलणाऱ्या इंडो-युरोपीय टोळ्या पांगण्याआधीच त्यांना राजा होता.

आडवा प्रश्न: घाई होतेय. ग्रीकांचा राजा बासिलेउस, जर्मनांचा क्योनिग. खुद्द वेल्श लोक ‘ब्रेनिन’ म्हणतात आणि तो निघाला आपल्या ‘बृहत्’च्या कुळातला! शिवाय *रीक्सचा धातू ‘सरळ करणे’ या अर्थाचा, आपला ‘ऋजु’ त्यातलाच. मला इथे सिंहासन दिसत नाही. वाट आखून देणारा, देवकार्यात पुढे बसणारा कुणी पुढारी असेल.

शब्दवेडा: मधल्या ग्रीक-जर्मनांनी टाकलं, कडेच्यांनी, म्हणजे पश्चिमेला केल्ट-रोमनांनी आणि पूर्वेला आपण, जपलं. ‘श्रद्धा’ बघा: लॅटिन क्रेदो, जुनी आयरिश क्रेतिद. ग्रीक-जर्मनांकडे तीही नाही.

कोपऱ्यातला वाचक: जर्मन मंडळींचा हिशेब राहिलाच. जर्मन-इंग्रजीच्या कुळाला जर्मानिक म्हणतात. त्यातल्या जुन्या गॉथिक भाषेतला ‘रीक्स’, जर्मन ‘राइश’, इंग्रजी ‘रिच’ हा वारसा नाही, केल्टिककडून उसनवारी आहे. मूळचा दीर्घ ए लॅटिनने ठेवला, संस्कृतात त्याचा आ झाला, केल्टिकमध्ये ई. जर्मानिकचा घरचा शब्द असता तर त्यात ई आलाच नसता. आणि ग चा क झालाय, म्हणजे तो ध्वनिबदल होण्याआधीच शब्द उचललेला. पुढे फिनिश लोकांनी जर्मानिककडून ‘रिकास’ घेतला, अर्थ श्रीमंत.

नवखा: मग आपला ‘रईस’ही यातलाच?

कोपऱ्यातला वाचक: नाही हो. रईस अरबी, ‘रास’ म्हणजे डोकं, त्यावरून.

आडवा प्रश्न: उसनवारीवरून एवढंच ठरतं की केल्टांकडे घेण्याजोगी सत्ता होती. त्याआधीच्या हजारो वर्षांचं काय?

शब्दवेडा: वेल्शमध्ये त्याच राणीची ‘रिआइन’ झाली, अर्थ साधी तरुण मुलगी. आपणही पोरीला लाडाने राणी म्हणतो, म्हणून काय राणी नव्हतीच?

आडवा प्रश्न: लाडाची राणी मान्य. राजा दाखवा.