मदत हवी आहे: आवाज चढला की मी गप्प का होतो?

वय ३६. लहानपणी ‘मोठ्यांना उलट बोलायचं नाही’ हे इतकं अंगवळणी पडलं की आजही समोरच्याने आवाज चढवला की माझी वाचा बसते. मुद्दा बरोबर असला तरी. उत्तर सुचतं ते तासाभराने, तेही अगदी मुद्देसूद!

मी भित्रा किंवा अबोल आहे असं आधी वाटायचं. सोळा प्रकारांत माणसं बसवणारी ती प्रसिद्ध व्यक्तिमत्त्व चाचणी दोनदा दिली, दोन वेगळे प्रकार निघाले. तिचा नाद सोडला. मग चार महिने रोज नोंदी ठेवल्या. त्यातून वेगळंच दिसलं. अनोळखी लोकांशी, बरोबरीच्यांशी, अगदी शंभर जणांसमोरही मी नीट बोलतो. अडतं फक्त वयाने किंवा पदाने मोठा माणूस चिडला की. म्हणजे हा स्वभाव नसून शिकलेली सवय असावी, असा माझा अंदाज.

समुपदेशनाच्या सहा बैठका झाल्या आहेत. कारण कळलं, पण ऐन वेळी काही आठवत नाही. दीर्घ श्वास, मनात आकडे मोजणं करून पाहिलं; तेवढ्यात समोरचा विषय संपवून निघून जातो. नंतर लिहून कळवणं जमतं, पण वरिष्ठांना ते आवडत नाही. आणि ‘आत्मविश्वास वाढव’ हे कृपया नको, ते ऐकून झालंय.

ज्यांची अशी सवय खरोखर सुटली त्यांना विचारायचंय: त्या पहिल्या दहा सेकंदांत तुम्ही नेमकं कोणतं वाक्य बोलता, आणि त्याचा सराव कुणासोबत केलात?