अनुभव धागा: जुन्या वळणाचे नवे आरपीजी

‘फायनल फँटसी ६’ (१९९४) किंवा ‘क्रोनो ट्रिगर’ (१९९५) असे आरपीजी, म्हणजे पात्रांची भूमिका घेऊन गोष्ट खेळायचे रोल-प्लेइंग गेम, लहानपणी आपल्यापैकी फार थोड्यांनी खेळले असतील. आपल्याकडे टीव्हीला जोडायचा कार्ट्रिजवाला व्हिडिओ गेम होता, त्यात मारिओ आणि काँट्रा. तरी त्या जुन्या आरपीजींच्या धर्तीवरचे नवे गेम आपल्याला इतके का भावतात? तुम्ही काय खेळलात, काय आवडलं, मोकळेपणाने लिहा.

पुणे
नोकरी लागल्यापासून नुसती लेव्हल वाढवायला त्याच त्या लढाया करत बसणं जमत नाही आणि पटतही नाही. ‘चेन्ड एकोज’मध्ये (२०२२) ती भानगडच नाही. बॉस, म्हणजे मोठा शत्रू, हरवला की ग्रिमॉयर शार्ड मिळतो, त्यावर नवं कौशल्य शिकायचं. लढाई संपली की सगळ्यांची तब्येत पूर्ण भरते, त्यामुळे औषधं राखून ठेवत रडतखडत खेळावं लागत नाही. आणि ओव्हरड्राइव्हची पट्टी! काटा हिरव्यात असला की आपली ताकद वाढते, लालमध्ये गेला की शत्रूचा मार जास्त बसतो. तो मागे आणायला गेम सांगेल त्या प्रकारचं कौशल्य वापरायचं किंवा बचाव घ्यायचा. एकच भारी वार पुन्हापुन्हा करण्याची सवय इथे मोडते. जर्मनीच्या मॅथियास लिंडाने हे जवळजवळ एकट्याने उभं केलंय. मला त्या माणसाबद्दल अपार आदर आहे.

डोंबिवली
भाच्याबरोबर ‘सी ऑफ स्टार्स’ (२०२३) खेळते. वेळेवर बटण दाबलं की मूनरँग हे बूमरँगसारखं फेकायचं अस्त्र शत्रूंवर परतपरत आदळत राहतं, आणि तो मोठ्याने मोजत बसतो. काही सुरावटी ‘क्रोनो ट्रिगर’च्याच यासुनोरी मित्सुदांच्या आहेत. हेडफोन लावून ऐकाच.

कोल्हापूर
माझं मत ‘अंडरटेल’ला (२०१५). एकाही राक्षसाला न मारता शेवट गाठता येतो. सुरुवातीला टोरिएल नावाची राक्षसीण आपल्याला मायेने सांभाळते आणि पुढे जायचं तर तिच्याशीच लढावं लागतं. तिला मारलं, वाईट वाटलं, म्हणून जुना सेव्ह (आधी साठवून ठेवलेला खेळ) उघडून तिला वाचवलं, तर फ्लावी नावाचं बोलणारं फूल ते बोलून दाखवतं. सेव्ह उघडला की पाटी कोरी, हा आरपीजीतला जुना नियम गेम बनवणाऱ्या टोबी फॉक्सने असा उलटा फिरवला.

नाशिक
थोडा वेगळा सूर लावतो. ‘ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर’ (२०१८) दिसतो देखणा, लढायाही उत्तम, पण आठ प्रवासी एकत्र फिरूनही एकमेकांच्या गोष्टीत जवळपास नसतातच. दुसऱ्या भागात (२०२३) जोड्याजोड्यांच्या कथा आल्या. नवीन माणसाने तिथूनच सुरुवात करावी.