पिसवांचा बंदोबस्त : पार्किंग, तळमजला आणि मागचे अंगण

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. पावसाळा सुरू झाल्यापासून ए आणि बी विंगच्या तळमजल्यावरून, पार्किंगमधून आणि सुरक्षारक्षकांच्या खोलीतून पिसवा चावत असल्याच्या तक्रारी येत आहेत. येत्या रविवारच्या कार्यकारिणी सभेपूर्वी या विषयावर मोकळेपणाने चर्चा व्हावी म्हणून हा संदेश टाकत आहे. निर्णय होईपर्यंत या ग्रुपवर सुप्रभातचे संदेश आणि पाककृती पाठवू नयेत, ही नम्र विनंती.

बी-१०१ : आम्ही एप्रिलपासून मुलीकडे बंगळुरूला होतो आणि घर पूर्ण बंद होते. परतल्यावर कपडे वाळत घालण्यासाठी मागच्या गॅलरीचे दार उघडून पाऊल ठेवले, तोच पायांवर काळे ठिपके उड्या मारू लागले. घोट्यापासून पोटरीपर्यंत लाल गांध्या उठल्या आहेत. आमच्याकडे कधीही पाळीव प्राणी नव्हता. गॅलरीच्या जाळीचा एक कोपरा उचकटलेला आहे आणि तिथे ठेवलेल्या जुन्या गादीवर मांजर व्यायल्याच्या खुणा दिसतात. पण मांजर आणि पिल्ले केव्हाच निघून गेली आहेत. ज्या जागी महिनोन्महिने माणूस नाही की जनावर नाही, तिथे पिसवा जगल्या कशा, हे कोणी सांगू शकेल का?

ए-३०२ : उत्तर सर्वांना माहीत आहे, पण बोलायचे कोणी नाही. पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी कुत्र्यांना खाऊ घातले जाते आणि ती तिथेच गाड्यांखाली झोपतात. कुत्री उचलून दूर सोडून यावीत, म्हणजे पिसवा आपोआप जातील, अशी माझी लेखी मागणी आहे.

खजिनदार : दादा, आपली चिडचिड समजते, पण गेल्या महिन्यात सोसायटीच्या खर्चाने पेस्ट कंट्रोलवाल्यांकडून पार्किंगमध्ये एकदा औषध मारून घेतले होते, याची नोंद असावी. आठवडाभर बरे वाटले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यांना विचारले असता ‘पाऊस आहे, इलाज नाही’ एवढेच उत्तर मिळाले. पुन्हा तेवढाच खर्च करण्यापूर्वी औषध चुकीचे होते की पद्धत, हे कळले पाहिजे. सी-२०४ मधील डॉक्टर ताईंनी मार्गदर्शन करावे.

सी-२०४ (पशुवैद्यक) : सविस्तर लिहिते, कारण बी-१०१ मधील काकूंचा प्रश्न, ए-३०२ ची मागणी आणि खजिनदारांची तक्रार या तिन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी आहे.

आपल्याला जी पिसू अंगावर दिसते ती एकूण प्रादुर्भावाचा फार छोटा भाग असते. साधारण अंदाज असा मानला जातो की पूर्ण वाढ झालेल्या पिसवा ५ टक्क्यांच्या आसपास असतात. उरलेली ९५ टक्के संख्या अंडी, अळ्या आणि कोष या रूपांत जमिनीवर, सतरंजीत, फटीत आणि मातीत पडलेली असते. कुत्रा किंवा मांजर यांच्या अंगावरील मादी रक्त प्यायल्यानंतर एक-दोन दिवसांतच अंडी घालू लागते आणि भरात असताना दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. ही अंडी उवेच्या लिखेसारखी केसाला चिकटून राहत नाहीत. प्राणी जिथे बसतो, अंग झाडतो, झोपतो, तिथे ती मिठासारखी सांडतात. त्यांतून निघणारी पांढुरकी, केसासारखी बारीक अळी उजेडापासून पळते आणि फटीत किंवा पालापाचोळ्याखाली शिरून, वरून पडणाऱ्या पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर वाढते. पुढे ती रेशमी धाग्याचा चिकट कोष विणते, त्यावर आजूबाजूची धूळ बसते आणि मग तो नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.

काकू, आपल्या गॅलरीत हेच कोष होते. आतली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येत नाही. पावलांचा हादरा, शरीराची ऊब आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड यांची चाहूल लागेपर्यंत ती कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिने, कोषातच थांबू शकते. आपण दार उघडून चार पावले टाकलीत आणि सगळ्या एकदम बाहेर पडल्या. बाजारात मिळणारी बहुतेक कीटकनाशके या कोषाच्या आत पोचत नाहीत, म्हणूनच गेल्या महिन्याच्या फवारणीने समोर असलेल्या पिसवा मेल्या आणि आठवड्याभराने नवी फळी उभी राहिली. औषध चुकीचे होतेच असे मी म्हणणार नाही. दुसरी फवारणी न करणे, अळ्यांची वाढ रोखणारे औषध न वापरणे आणि प्राण्यांना उपचार न देणे, या तीन उणिवा मात्र स्पष्ट दिसतात.

ए-३०२ मधील दादांना सांगावेसे वाटते की कुत्री आज रात्रीत नाहीशी झाली, तर पार्किंगमधील कोष तिथेच राहतील आणि बाहेर पडलेल्या पिसवांना चावायला समोर आपल्या मुलांचे पाय एवढेच उरतील. शिवाय प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण केलेली कुत्री मूळ जागीच सोडायची असतात. आपण ती उचलून दुसऱ्यांच्या दारात टाकणे हा मार्गच नाही. आपल्या आवारातील चारही कुत्र्यांच्या कानाला निर्बीजीकरणाची खूण आहे. उपचार केलेला कुत्रा उलट आपल्या कामी येतो, कारण त्याच्या अंगावर उडी मारणारी पिसू अंडी घालण्यापूर्वी मरते.

ए-३०२ : ताई, माझा सूर जरा चढला हे मान्य, परंतु माझ्या नातवाच्या पायांवर खाजवून जखमा झाल्या आहेत. भटक्या कुत्र्याला औषध लावणार कोण आणि ते दर महिन्याला लावणार कोण?

सी-२०४ (पशुवैद्यक) : रास्त प्रश्न आहे. हल्ली पोटातून देण्याच्या गोळ्या मिळतात, ज्यांपैकी काहींचा परिणाम महिनाभर आणि काहींचा सुमारे तीन महिने टिकतो. रोज खाऊ घालणाऱ्यांच्या हातून कुत्री त्या खाण्यातून सहज घेतात. वजन आणि तब्येत पाहून मात्रा मी ठरवून देईन. कोणीही ऑनलाइन मागवून अंदाजाने देऊ नये. नातवाला बालरोगतज्ज्ञांना दाखवा, नखे बारीक कापा आणि जखमा साबणाने धुऊन कोरड्या ठेवा.

मांजर पाळणाऱ्या तिन्ही घरांसाठी मात्र मला ठणकावून सांगायचे आहे. कुत्र्यांसाठीच्या काही थेंबांत आणि पावडरींत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते. कुत्र्याला ते चालते, परंतु मांजराच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नाही. मांजराला थरथर सुटते, झटके येतात आणि वेळेत उपचार न मिळाल्यास ते दगावते. ‘थेंब तेच, फक्त अर्धे लावले’ हा हिशेब इथे चालत नाही. तसेच रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्या किंवा टी-ट्री तेल यांपैकी काहीही कोणत्याही प्राण्याच्या अंगाला लावू नये. मांजर अंग चाटते, त्यामुळे जे अंगावर लावाल ते पोटात जाते.

ए-१०४ : आमच्या लहानपणी वाड्यात गॅमेक्झिन पावडर टाकली की पिसवा, ढेकूण सगळे एका झटक्यात संपत असे. ती कुठे मिळाली तर प्रश्न मिटेल.

सी-२०४ (पशुवैद्यक) : आजोबा, ती पावडर ज्या बीएचसी आणि लिंडेन या रसायनांची होती त्या दोन्हींवर आता भारतात बंदी आहे, लिंडेनचा वापर २०१३ पासून पूर्ण थांबवण्यात आला. ती मातीत वर्षानुवर्षे राहते आणि शरीरातील चरबीत साठते. कोणाच्या माळ्यावर जुना डबा असेल, तर तो उघडू नये आणि ओल्या कचऱ्यात टाकू नये. घरातील घातक कचरा म्हणून तो महापालिकेच्या यंत्रणेकडे वेगळा सोपवावा.

बी-४०२ : माझे बाळ नुकतेच रांगू लागले आहे. आमच्या चौथ्या मजल्यावर पिसवा आहेत की नाहीत, हे फवारणी न करता कसे ओळखावे? मला विनाकारण घरात औषध नको आहे.

सी-२०४ (पशुवैद्यक) : फार योग्य विचार. पांढरे लांब मोजे गुडघ्यापर्यंत चढवून सोफ्याजवळ, पायपुसण्यावर आणि पलंगाखालच्या कडेने सावकाश पाय घासत चाला. पिसवा असतील तर मोज्यांवर तपकिरी ठिपके उडून बसलेले दिसतात. रात्री जमिनीवर पसरट ताटात पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब घालून त्यावर टेबललॅम्प लावून ठेवा. ऊब आणि उजेड यांकडे येणाऱ्या पिसवा पाण्यात पडतात आणि साबणामुळे तरंगू शकत नाहीत. या ताटाने पिसवा संपणार नाहीत, केवळ त्यांचा पत्ता लागेल. ताट बाळाच्या हाती लागणार नाही असे ठेवा.

घरात प्राणी असल्यास उवांची बारीक फणी त्याच्या शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर फिरवून जे निघेल ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटकावे. साधी माती असेल तर ती मातकटच राहते. मिरपुडीसारख्या काळ्या कणांभोवती तांबूस कडे पसरू लागले, तर ते पचलेले रक्त, म्हणजेच पिसवांची विष्ठा समजावी. दोन्ही चाचण्यांत काही आढळले नाही तर औषध मारू नका. नेहमीचा झाडू-पोछा करा, पलंगाखालचे सामान हलवून कडा पुसा आणि पायपुसणी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका.

अध्यक्ष : मग घरात आणि आवारात नेमके काय करायचे, हे एकदा ठरवू या. काकूंच्या गॅलरीतील गादी उचलायला उद्या माणूस पाठवतो.

सी-२०४ (पशुवैद्यक) : गादी उघडी उचलून जिन्यातून नेऊ नये, नाहीतर अंडी आणि कोष प्रत्येक मजल्यावर सांडतील. ती जागच्या जागी मोठ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, टेप लावून मगच खाली न्यावी. ज्यांच्याकडे व्हॅक्यूम क्लीनर आहे त्यांनी तो सोफ्याच्या खाचा, सतरंज्या आणि भिंतीलगतच्या कडा यांवर रोज फिरवावा. त्याच्या हादऱ्याने कोषांतील पिसवा बाहेर येतात आणि मग औषधाच्या तावडीत सापडतात. प्रत्येक वेळी पिशवीतील कचरा लगेच बांधून घराबाहेर टाकला पाहिजे. चादरी आणि प्राण्यांची अंथरुणे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावीत.

बाहेरच्या बाबतीत एक गैरसमज दिसतो. समोरच्या हिरवळीवर फवारणी करण्याची गरज नाही, कारण उघड्या उन्हात आणि कोरड्या मातीत अळ्या तग धरत नाहीत. त्यांना सावली, ओल आणि प्राण्यांची बैठक या तिन्ही गोष्टी एकत्र हव्या असतात. २५ ते ३० अंश तापमान आणि दमट हवा त्यांना फार मानवते, म्हणजे आपला पुण्याचा पावसाळा. या हिशेबाने जागा मोजक्याच निघतात : जनरेटरच्या मागचा कोपरा, जिन्याखालची भंगार ठेवण्याची जागा, मागच्या अंगणातील शहाबादी फरशांचे सांधे, मोगऱ्याच्या वाफ्यातील साचलेला पालापाचोळा आणि मुलांचा वाळूचा हौद. माळीदादांनी पाचोळा पोत्यांत भरून त्याच दिवशी हलवावा आणि खालच्या फांद्या छाटून ऊन आत येऊ द्यावे. हौदातील वाळू बदलून त्यावर ताडपत्री घालावी, तिथे औषध नको.

ए-२०१ (निवृत्त प्राध्यापक, प्राणिशास्त्र) : डॉक्टरांच्या म्हणण्यात एक भर घालतो. जनरेटरच्या मागे घुशींची बिळे आहेत आणि रविवारी तिथे विषारी गोळ्या टाकण्याचे ठरत असल्याचे कानावर आले. कृपया तसे करू नये. उंदीर-घूस मेली की तिच्या अंगावरील पिसवा थंड पडलेले शरीर सोडून दुसरे सावज शोधतात. १८९६ मध्ये मुंबईत आणि लगोलग आपल्या पुण्यात प्लेग पसरला तेव्हा घरात उंदीर पडला की लोक घर सोडून माळावर झोपड्या बांधत. त्यामागचे कारण पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले : प्लेग पसरवणारा दुवा उंदरावरची पिसू हा होता. कुत्र्या-मांजरांवरील पिसू वेगळ्या जातीची असून आज येथे प्लेगची भीती बाळगण्याचे कारण नाही. तरीही क्रम पाळलाच पाहिजे : आधी बिळांच्या तोंडाशी पिसवांचे औषध आणि त्यानंतर काही दिवसांनी घुशींचा बंदोबस्त. चाव्यांनंतर कोणाला ताप, तीव्र डोकेदुखी किंवा अंगावर पुरळ आल्यास डॉक्टरांना पिसवांबद्दल आवर्जून सांगावे, कारण उंदरांच्या पिसवांपासून होणारा टायफस या तापाच्या आजाराचा एक प्रकार असतो आणि त्यावर उपचार आहेत.

खजिनदार : सरांचे आणि ताईंचे आभार. त्यानुसार नव्या ठेकेदाराकडून दरपत्रक मागवताना चार अटी घालत आहे : परवाना दाखवावा, औषधाचे नाव आणि डब्यावरील, विषारीपणाची पातळी दाखवणाऱ्या त्रिकोणाचा रंग आधी कळवावा, पायरीप्रॉक्सिफेनसारखे अळ्यांची वाढ रोखणारे औषध सोबत असावे, दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी फवारणी त्याच दरात धरावी. धुराची फवारणी नको, कारण ती हवेत विरते आणि सोफ्याखाली किंवा फटीत पोचत नाही, असे ताईंनी मला फोनवर सांगितले.

बी-१०३ : एक गोष्ट राहून जात आहे. आपले रात्रीचे सुरक्षारक्षक जमिनीवर पातळ गादी टाकून झोपतात आणि सर्वांत जास्त चावे त्यांनाच बसले आहेत. त्यांनी लेखी तक्रार केलेली नाही, म्हणून त्यांचे नाव यादीत नाही. त्यांच्या खोलीची फवारणी, नवी गादी, लोखंडी खाट आणि डॉक्टरांचा खर्च सोसायटीने करावा, अशी सूचना मांडते.

अध्यक्ष : सूचना मान्य. या खर्चासाठी सभेची वाट पाहण्याची गरज नाही, खाट उद्याच आणू.

सचिव : चर्चेनुसार कार्यक्रम कळवत आहे. शनिवारी सकाळी माळी आणि सफाई कामगार पाचोळा व भंगार हलवतील. कामावर असताना त्यांना गमबूट आणि हातमोजे सोसायटी देईल. कुत्र्यांच्या गोळ्या शनिवारी संध्याकाळी डॉक्टर ताईंच्या देखरेखीखाली दिल्या जातील. पाळीव प्राण्यांचे उपचारही त्याच सुमारास व्हावेत, अन्यथा एका घरातून सुरुवात पुन्हा होईल. ठेकेदार ठरताच फवारणीची तारीख कळवू. त्या दिवशी सकाळी ९ पूर्वी तळमजल्यावरील सर्व गाड्या बाहेरच्या रस्त्यावर लावाव्यात, माशांच्या टाक्या झाकून त्यांचे हवेचे पंप बंद ठेवावेत, पिंजऱ्यातील पक्षी वरच्या मजल्यावर न्यावेत आणि औषध पूर्ण वाळेपर्यंत मुलांना व प्राण्यांना पार्किंगमध्ये सोडू नये. फवारणीनंतरही दोन-तीन आठवडे अधूनमधून पिसवा दिसतील, कारण उरलेले कोष फुटत राहतील. त्या काळात घाबरून घरोघरी वेगळे औषध मारू नये, फक्त दिसल्याची जागा आणि तारीख मला कळवावी.

ए-३०२ : माझी चारचाकी सध्या बंद पडली आहे. ती ढकलण्यासाठी त्या दिवशी साडेआठला दोन जण आले तर बरे होईल. गोळ्या देताना मीही खाली येईन. ती तपकिरी कुत्री माझ्या नातवाच्या हातूनच खाते.