किडनी बदलल्यावर सीएमव्हीची गोळी सगळ्यांनाच द्यावी, की तपासणी करून लागेल त्यालाच?

जुळेसोलापूर:
आमच्या किडनीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावरून जोरदार वाद झाला, म्हणून इथे मांडतो. माझ्या धाकट्या भावाला आईची किडनी बसवली आहे. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड सुरू होतात. प्रतिकारशक्ती दबली की अंगात निपचित पडलेला सायटोमेगॅलोव्हायरस (सीएमव्ही) डोकं वर काढतो. आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांत तो असतोच, नसला तर दात्याच्या किडनीतून येऊ शकतो. ताप, जुलाब, पांढऱ्या पेशी कमी होणं, आणि वेळेत पकडलं नाही तर फुप्फुसं, आतडी, नवी किडनी, सगळ्यांवर संकट.

उपाय दोन. पहिले काही महिने सरसकट व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ही गोळी द्यायची, किंवा दर आठवड्याला रक्ताची पीसीआर (विषाणू किती आहे ते मोजणारी तपासणी) करायची आणि विषाणू वाढला तरच औषध सुरू करायचं. माझं ठाम मत आहे की सोलापुरात राहणाऱ्याने गोळीच घ्यावी. आमचं सॅम्पल पुण्याला जातं. रिपोर्ट दोन दिवसांत येऊन डॉक्टरांनी लगेच पाहिला तरच दुसऱ्या पद्धतीला अर्थ आहे. मध्ये रविवार आला, सुट्टी आली की आठवडा गेलाच. यंत्रमागावर रोजंदारी करणाऱ्याने दर आठवड्याला खाडा करायचा का?

विडी_घरकुल:
दादा, पूर्ण असहमत. मी लॅबमध्ये काम करतो. या गोळीने पांढऱ्या पेशी घसरतात, ते रिपोर्ट माझ्या हातून जातात. पेशी घसरल्या की मायकोफेनोलेट कमी करावं लागतं, मग रिजेक्शनची, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याची भीती. शिवाय तीन महिन्यांनी गोळी बंद झाली की विषाणू उशिरा उठतो, तेव्हा कुणाचंच लक्ष नसतं. आणि पीसीआर टळत नाही ती नाहीच. बीके नावाचा दुसरा विषाणू याच काळात नव्या किडनीवर बसतो आणि त्यावर खात्रीचं औषध नाही. दर महिन्याला रक्त तपासायचं आणि वाढलाच तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करायची, एवढंच हातात आहे. रक्त काढायचंच आहे, तर गोळीचा खर्च कशाला?

जुळेसोलापूर:
महिन्याला एकदा आणि आठवड्याला एकदा यात चौपट फरक आहे. पेशी कमी होतात हे खरं, पण सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, इथे कुठल्याही गल्लीत होते आणि संध्याकाळी रिपोर्ट मिळतो. सीएमव्ही पीसीआरचं तसं नाही. एकदा एका लॅबमध्ये, एकदा दुसरीत केली तर आकड्यांची तुलनाही नीट होत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

सातरस्ता_मेडिकल:
औषधाच्या दुकानातून बोलतो. दोघंही गृहीत धरताय की पेशंट लिहून दिलेली गोळी पूर्ण घेतो. तसं होत नाही ओ. मागे एक काका आले, खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात सुरीने कापलेल्या अर्ध्या गोळ्या. महिनाभर पुरवायच्या होत्या म्हणे. आणि कापून ठेवायचं काम सुनेकडे, तिला दिवस गेलेले! ही गोळी कापायची, कुटायची नसतेच. गर्भाला धोका पोहोचवू शकणारं औषध आहे, भुकटी हातालाही लागू नये. डोस क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनी किती काम करते त्यावर ठरतो. डॉक्टरांनी ठरवून दिलेली ४५० मिलिग्रॅमची एक गोळी वेगळी आणि पैसे वाचवायला मनाने केलेला अर्धा डोस वेगळा. कमी डोसवर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. मग फॉस्कार्नेट हे दुसरं औषध सलाइनमधून द्यायची पाळी येते, आणि ते किडनीलाच मारक.

विडी_घरकुल:
हेच म्हणतोय की मी. ज्याला परवडत नाही त्याच्या गळ्यात महागडी गोळी बांधली तर तो कापणारच.

जुळेसोलापूर:
मग गोळी स्वस्त मिळावी म्हणून भांडू या, गोळी काढून का टाकायची? महात्मा फुले योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख करायचं ठरलं. चांगलंच झालं. पण माणूस बुडतो तो घरी आल्यावरच्या औषधांत.

बाळीवेस_सिस्टर:
डायलिसिस युनिटमध्ये नर्स आहे. तुमची भांडणं ऑपरेशननंतरची, माझा जीव तुटतो तो आधीच्या महिन्यांसाठी. हिपॅटायटिस बीची लस डायलिसिसवरच्या पेशंटला दुप्पट डोसमध्ये द्यायची असते, आणि नंतर अँटीबॉडी तयार झाल्या का ते बघायचं असतं. कांजिण्यांसारख्या जिवंत लसी प्रत्यारोपणाच्या किमान चार आठवडे आधीच, नंतर बंद. घरच्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी.
आणि एक सोलापूरचंच सांगते. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, घरोघरी पिंपं भरलेली, म्हणून डेंग्यू. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी डेंग्यू आणि सीएमव्ही, दोन्ही आजारांत घसरतात. पावसाळ्यात प्रत्यारोपणाच्या पेशंटला ताप आला की सगळे 'डेंग्यूच असणार' म्हणून थांबतात. डेंग्यूची तपासणी करा, पण त्याच दिवशी सीएमव्हीचंही रक्त पाठवा आणि आपल्या ट्रान्सप्लांट डॉक्टरांना फोन करा.

विडी_घरकुल:
सिस्टर, हे पटलं. पण मूळ मुद्दा सोडत नाही. सरसकट कुणालाच काही नको. दात्याचा आणि पेशंटचा सीएमव्ही आयजीजी (हा विषाणू आधी अंगात शिरलाय का ते सांगणारी अँटीबॉडी) ऑपरेशनच्या आधी बघतात. दाता पॉझिटिव्ह आणि पेशंट निगेटिव्ह असेल तर सर्वांत जास्त धोका. तिथे सहा महिने गोळी द्या, माझी हरकत नाही. दोघंही पॉझिटिव्ह असतील, आणि आपल्याकडे बहुतेक तसेच, तर तपासणीवर चालू शकतं. ग्रुपवर किती जणांना स्वतःचा आयजीजी माहीत आहे, विचारा बघू.

जुळेसोलापूर:
विचारतो. भावाच्या फाइलमध्ये दोघांचंही पॉझिटिव्ह लिहिलंय. सुरुवातीला एटीजीचं, म्हणजे प्रतिकारशक्ती जोरात दाबणारं इंजेक्शन दिलं होतं, त्याने धोका वाढतो म्हणून डॉक्टरांनी तीन महिने गोळी लिहिली. ती पूर्ण करणार, सीबीसी इथेच करणार, आणि गोळी थांबल्यावर काही महिने पीसीआरसाठी रक्त पुण्याला पाठवत राहणार.