मंगळावरच्या पाण्याला ‘आवई’ म्हणणाऱ्यांसाठी

धरमपेठकर: “मंगळावरचे पाणी ही निधीसाठी दर दोन-चार वर्षांनी उठवली जाणारी आवई आहे,” हे काटोलकरांचे कालचे विधान वाचून राहवले नाही. २००८ मध्ये फिनिक्स यानाने उत्तर ध्रुवीय प्रदेशात चर खणला, तेव्हा तळाशी फाशांएवढे पांढरे खडे दिसले आणि चार दिवसांत ते नाहीसे झाले. मीठ असते तर जागीच राहिले असते. पुढे यानातल्या भट्टीत माती तापवल्यावर बर्फ वितळल्याची नोंदही मिळाली. ही आवई?

काटोलकर: शब्द मागे घेणार नाही. २०१५ मध्ये मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानाच्या नोंदींवरून तिथल्या उतारांवरच्या काळपट रेघांमागे वाहते खारे पाणी असल्याचे जाहीर झाले आणि २०१७ मध्ये त्याच यानाच्या छायाचित्रांवरून त्या रेघा कोरड्या वाळूच्या घसरणीशी जुळतात असे निघाले. आमच्या संत्र्याच्या बागेत पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली, बोअर कोरडी गेली, झाडे वाळली. तेव्हापासून नुसत्या खुणांवर माझा विश्वास नाही.

धरमपेठकर: पाणाडे आणि शास्त्रज्ञ यांना एकाच पंगतीत बसवणे हा अपमान आहे. शास्त्रशुद्ध सर्वेक्षण का केले नाही?

काटोलकर: केले होते! दुसरी बोअर यंत्राने दाखवलेल्या जागीच घेतली. तिथेही चिकणमातीच लागली. कर्ज आम्ही फेडतो आहोत, शहरात बसून आम्हाला शिकवू नका.

भूजलवाला: मुद्दा इथेच आहे. ओली चिकणमाती आणि पाणी धरणारा झिजलेला खडक या दोन्हींतून वीज सहज जाते, त्यामुळे जमिनीत वीज सोडून मोजणाऱ्या यंत्राचा आकडा एकसारखा येऊ शकतो. मंगळाच्या दक्षिण ध्रुवाखाली सुमारे दीड किलोमीटरवर रडारने टिपलेल्या प्रखर परावर्तनाला २०१८ मध्ये द्रवरूप पाणी म्हटले गेले, त्यावरही पुढे हाच आक्षेप आला की असे परावर्तन चिकणमातीही देऊ शकते. तेवढी काटोलकरांची शंका रास्त आहे. पण २०१२ मध्ये क्युरिऑसिटी या फिरत्या यानाला मंगळावरच्या गेल विवरात सापडलेल्या गोट्यांचे काय? वाऱ्याने वाहून नेता येणार नाहीत इतके मोठे, कडा झिजून गोल झालेले आणि एकमेकांत घट्ट सांधलेले ते गोटे घोट्यापासून कंबरेपर्यंत खोल प्रवाहानेच आणले, असा निष्कर्ष निघाला. कन्हानच्या पात्रात, वाळूउपशातून वाचले असतील तिथे, असे गोटे आजही हाताला लागतात.

काटोलकर: गोटे मान्य, बर्फही मान्य. अब्जावधी वर्षांपूर्वी नदी वाहिली असेल. पण ‘आज वाहते पाणी सापडले’ असे कोणी पुन्हा लिहिले, तर मी पुन्हा आवईच म्हणेन.

धरमपेठकर: तसे मी कुठेही लिहिलेले नाही. कालचे विधान तुम्ही सरसकट केले होते, माझा राग त्यावर आहे आणि तो अजून गेलेला नाही.